क्रीडाकार्डांचा संग्रह आणि गुंतवणूक : दुर्मीळता, प्रतवारी आणि मूल्य यांचे विवेचन

प्रस्तावना

टपाल तिकिटे आणि जुनी नाणी जमविण्याचा छंद मराठी वाचकाला सुपरिचित आहे. याच जातकुळीतील एक छंद अमेरिकेत गेली सुमारे एकशे चाळीस वर्षे जोपासला जात आहे. बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल, आइस हॉकी अशा खेळांतील खेळाडूंची छायाचित्रे किंवा चित्रे छापलेली लहान आकाराची जाड कागदी कार्डे जमविणे, हे या छंदाचे स्वरूप होय. आज प्रचलित असलेल्या कार्डाचा आकार साधारणपणे अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच असतो. पुढील बाजूस खेळाडूचे चित्र आणि मागील बाजूस त्याची कामगिरी दर्शविणारी आकडेवारी, अशी त्याची रचना असते. मूळ उत्पादनखर्च नगण्य असलेल्या या वस्तूला लिलावात काही वेळा लक्षावधी डॉलर किंमत येते. त्यामुळे हा विषय केवळ छंदापुरता मर्यादित न राहता अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचेही लक्ष वेधून घेतो.

कागदाच्या एका तुकड्याला मूल्य कशामुळे प्राप्त होते आणि छंद म्हणून कार्डे जमविणाऱ्या सामान्य संग्राहकाने त्यांच्याकडे गुंतवणूक म्हणून कितपत पाहावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. जुन्या कार्डांचे मूल्य त्यांच्या दुर्मीळतेतून निर्माण झाले. परंतु ती दुर्मीळता प्रामुख्याने त्या काळी कोणी ती कार्डे जपून ठेवली नाहीत म्हणून निर्माण झाली. भविष्यात भाव वाढेल या अपेक्षेने सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ राहत नाही. या छंदाचा आर्थिक इतिहास समजून घेण्यासाठी हा विरोधाभास ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

१. उगम आणि विकास

क्रीडाकार्डांचा उगम तंबाखूच्या व्यापारात आहे. १८८० च्या दशकात अॅलन अँड गिंटर, गुडविन अँड कंपनी इत्यादी अमेरिकी कंपन्या सिगारेटच्या मऊ पाकिटाला ताठपणा यावा म्हणून त्यात जाड कागदाचा तुकडा घालीत असत. त्यावर खेळाडू, अभिनेत्री, पक्षी, ध्वज इत्यादींची चित्रे छापल्यास ग्राहक संपूर्ण मालिका पूर्ण करण्यासाठी तीच सिगारेट पुन्हा विकत घेतो, हे व्यापाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची कार्डमालिका काढली. १८९० मध्ये प्रमुख सिगारेट कंपन्या अमेरिकन टोबॅको कंपनीत विलीन झाल्यानंतर स्पर्धा मंदावली आणि कार्डांची गरजही कमी झाली. पुढे याच कंपनीने १९०९ ते १९११ या काळात बेसबॉल खेळाडूंची सुमारे ५२० कार्डांची मालिका काढली. संग्राहकांमध्ये ती ‘टी २०६’ या नावाने ओळखली जाते.

हे नाव मूळ उत्पादकाने दिलेले नाही. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने विखुरलेल्या कार्डांचे वर्गीकरण करून ‘अमेरिकन कार्ड कॅटलॉग’ ही सूची सिद्ध केली. त्यात विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’ हे अक्षर दिले गेले. बर्डिक यांनी आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयास विनामूल्य दिला आणि १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले. या क्षेत्रातील वर्गीकरणाचा पाया अशा रीतीने आर्थिक लाभाची अपेक्षा नसलेल्या एका छांदिष्टाने घातला, ही बाब उल्लेखनीय आहे.

१९३३ मध्ये बोस्टनच्या गौडी गम कंपनीने च्युइंगगमसोबत बेसबॉल कार्डे देण्यास प्रारंभ केला आणि कार्डांचा ग्राहक सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाऐवजी शाळकरी मुलगा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन व टॉप्स या कंपन्यांत स्पर्धा झाली. १९५२ मध्ये टॉप्सने साय बर्गर यांच्या कल्पनेतून ४०७ कार्डांची मोठी मालिका काढली आणि १९५६ मध्ये बोमन कंपनी विकत घेतली. त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षे या क्षेत्रात टॉप्सचीच जवळजवळ मक्तेदारी राहिली.

२. नैसर्गिक दुर्मीळता : दोन उदाहरणे

‘टी २०६’ मालिकेतील होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध कार्ड होय. वॅग्नर यांनी हरकत घेतल्यामुळे त्याची छपाई लवकर थांबविण्यात आली, असे मानले जाते. तंबाखूच्या पाकिटासाठी लहान मुलांना प्रलोभन दाखविणे त्यांना मान्य नव्हते, असे काही जण सांगतात. तर योग्य मोबदला न मिळाल्याने त्यांनी नकार दिला, असे इतरांचे मत आहे. कारण कोणतेही असो, आज या कार्डाच्या सुमारे पन्नास ते साठ प्रतीच ज्ञात आहेत. त्यांपैकी एक प्रत २०२१ मध्ये ६६ लाख ६ हजार डॉलरला, तर दुसरी २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला विकली गेली.

दुसरे उदाहरण १९५२ च्या टॉप्स मालिकेतील मिकी मँटल यांच्या कार्डाचे आहे. मालिकेतील शेवटच्या क्रमांकांची कार्डे बेसबॉलचा हंगाम संपत आला असताना बाजारात आली आणि मुलांचे लक्ष इतरत्र वळल्याने मोठ्या प्रमाणावर पडून राहिली. तो शिल्लक साठा १९६० मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर अटलांटिक महासागरात बुडविण्यात आला, असे स्वतः बर्गर यांनी नंतर सांगितले आहे. तरीही मँटल यांचे कार्ड वॅग्नर यांच्या कार्डाइतके दुर्मीळ नाही. त्याच्या एक हजाराहून अधिक प्रती तज्ज्ञांकडून तपासल्या गेल्या आहेत. तसेच हे मँटल यांचे पहिले कार्डही नव्हे. ते १९५१ मध्ये बोमनने काढले होते. दुर्मीळ आहे ती त्याची उत्तम स्थितीतील प्रत. मुलांनी ही कार्डे खिशात कोंबली, भिंतीवर आपटून खेळली, रबरबँड लावून बांधली आणि घर बदलताना टाकून दिली. त्यामुळे कोपरे शाबूत असलेली प्रत अपवादात्मक ठरली. अशीच एक प्रत १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला विकली गेली होती. तीच ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मायकेल जॉर्डन व कोबी ब्रायंट यांच्या स्वाक्षऱ्या असलेल्या एका कार्डाला १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलर किंमत आली आणि मँटल यांच्या कार्डाचा विक्रम मोडला.

३. जपणुकीचा अतिरेक

१९८० मध्ये फ्लीअर या कंपनीने टॉप्सच्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात अनुकूल निर्णय मिळविला. हा निर्णय पुढे अपिलात टिकला नाही. परंतु १९८१ पासून फ्लीअर व डॉनरस या कंपन्यांची बेसबॉल कार्डे बाजारात आली आणि स्पर्धा कायम राहिली. याच सुमारास संख्याशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेकेट यांनी कार्डांच्या प्रचलित भावांची पद्धतशीर पाहणी करून १९७९ मध्ये भावसूचीचे पुस्तक आणि १९८४ पासून मासिक प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. या सूचीमुळे बाजारात पारदर्शकता आली. मात्र तिचा एक अनपेक्षित परिणामही झाला. घरातील कार्डाचा भाव दरमहा छापून येऊ लागल्याने सामान्य कुटुंबेही त्याकडे ठेव म्हणून पाहू लागली.

वर्तमानपत्रांतून जुन्या कार्डांच्या वाढत्या किमतींच्या बातम्या येत होत्या. परिणामी असंख्य लोकांनी मुलांच्या भावी शिक्षणाची किंवा स्वतःच्या निवृत्तीची तरतूद म्हणून कार्डांची न उघडलेली खोकी माळ्यावर व तळघरात साठविली. मागणी वाढली तशी कंपन्यांनी छपाईही वाढविली. १९८९ मध्ये अप्पर डेक कंपनीने चांगला कागद, बनावट टाळण्यासाठी होलोग्राम आणि अधिक किंमत यांसह बाजारात प्रवेश केला. तिच्या मालिकेतील पहिल्या क्रमांकाचे केन ग्रिफी ज्युनियर यांचे कार्ड त्या पिढीचे प्रतीक ठरले. १९९४ च्या खेळाडूंच्या संपामुळे बेसबॉलची अंतिम स्पर्धाच रद्द झाली आणि उत्साह ओसरला. त्या काळात काही पाकिटे मेण लावलेल्या कागदाची असत. त्यामुळे १९८० च्या दशकाचा उत्तरार्ध आणि १९९० च्या दशकाचा प्रारंभ या कालखंडाला आज ‘जंक वॅक्स’, म्हणजे ‘मेणकागदी रद्दीचा काळ’, असे उपहासाने म्हटले जाते. त्या काळातील बहुसंख्य कार्डांना तीन दशकांनंतरही मूळ किमतीइतका भाव येत नाही.

येथे कोणी फसवणूक केली असे म्हणता येत नाही. कार्डे खरी होती, खेळाडू थोर होते आणि जपणूकही काळजीपूर्वक झाली होती. परंतु सर्वांनीच जपणूक केल्यामुळे भविष्यातील विक्रेत्यांची संख्या खरेदीदारांपेक्षा अधिक झाली. एका व्यक्तीने केल्यास शहाणपणाची ठरणारी कृती सर्वांनी केल्यास निष्फळ ठरते, या अर्थशास्त्रातील परिचित तर्कदोषाचे हे बोलके उदाहरण आहे.

४. निर्मित दुर्मीळता

या अनुभवानंतर उत्पादकांनी दुर्मीळता स्वतःच निर्माण करण्याचे धोरण स्वीकारले. खेळाडूची स्वाक्षरी असलेली, सामन्यात वापरलेल्या पोशाखाचा तुकडा बसविलेली आणि मर्यादित संख्येत छापून प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक घातलेली कार्डे यातून आली. काही कार्डांची जगात एकच प्रत काढली जाते. लेब्रॉन जेम्स यांच्या पदार्पणाच्या २००३-०४ हंगामातील अप्पर डेकच्या केवळ २३ प्रतींच्या एका कार्डाला २०२१ मध्ये ५२ लाख डॉलर किंमत आली.

निर्मित दुर्मीळता ही नैसर्गिक दुर्मीळतेहून गुणात्मकदृष्ट्या वेगळी आहे. १९०९ चे कार्ड पुन्हा छापता येत नाही. परंतु आजचा उत्पादक त्याच खेळाडूचे दुसऱ्या रंगाचे, दुसऱ्या किनारीचे, नव्या अनुक्रमांकाचे कार्ड पुढील महिन्यात काढू शकतो. म्हणजेच विशिष्ट कार्डाची संख्या मर्यादित असली तरी त्या खेळाडूच्या ‘मर्यादित’ कार्डांची एकूण संख्या मर्यादित असतेच असे नाही. शिवाय अशी कार्डे बंद पाकिटांतून यदृच्छेने वितरित होतात. त्यामुळे पाकीट विकत घेण्याच्या क्रियेला सोडतीचे स्वरूप येते. पाकिटाची किंमत आणि त्यातून सरासरीने हाती येणाऱ्या कार्डांचा बाजारभाव यांत सामान्यतः तफावत असते व ती बहुधा ग्राहकाच्या विरोधात जाते.

५. प्रतवारी आणि विश्वासाचा प्रश्न

जुन्या वस्तूच्या व्यवहारात विक्रेत्याला दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. या विषम माहितीमुळे चांगला माल बाजारातून कसा हद्दपार होतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० च्या प्रसिद्ध निबंधात जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. क्रीडाकार्डांच्या बाजारात त्यावर उपाय म्हणून त्रयस्थ प्रतवारीची व्यवस्था उदयास आली. १९९१ मध्ये पीएसए ही संस्था सुरू झाली; पुढे एसजीसी व बेकेट यांनीही असे काम सुरू केले. या संस्था कार्डाचा खरेपणा तपासतात. चित्राचे मध्यवर्तीपण, कोपरे, कडा व पृष्ठभाग पाहून एक ते दहा गुण देतात आणि कार्ड मोहोरबंद पारदर्शक डबीत ठेवतात. मँटल यांच्या १९५२ च्या कार्डाच्या दहा गुणांच्या पीएसए प्रती केवळ तीन आहेत. नऊ आणि दहा यांतील फरक साध्या डोळ्यांना क्वचितच दिसतो. किमतीतील फरक मात्र अनेक पटींचा असू शकतो.

प्रतवारीची आवश्यकता एका अभ्यासानेही स्पष्ट केली आहे. जिंजर झी जिन व अँड्र्यू काटो यांनी ईबे या संकेतस्थळावर प्रतवारी न केलेली बेसबॉल कार्डे विकत घेऊन ती तज्ज्ञांकडून तपासून घेतली. कार्ड अत्युत्तम असल्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्यांना अधिक किंमत मिळत होती. परंतु त्यांची कार्डे प्रत्यक्षात अधिक चांगली नव्हती, असा निष्कर्ष त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला.

तथापि प्रतवारी ही निर्दोष व्यवस्था नाही. पीएसएने प्रतवारी केलेले पहिलेच कार्ड म्हणजे वॅग्नर यांच्या कार्डाची एक प्रत होय. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व त्यांच्या भागीदाराने ती १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली होती. तिला आठ गुण मिळाले आणि २००७ मध्ये तिची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. परंतु या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली लिलावगृहाचे माजी चालक बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. डबीवरील अंक म्हणजे प्रत्यक्ष गुणवत्ता नव्हे, तर तिच्याविषयीचे एक मत होय, हे यावरून दिसते. २०२४ मध्ये पीएसएच्या मूळ कंपनीने एसजीसीही ताब्यात घेतली. मत देणाऱ्या संस्थांची मालकी अशी एकवटल्यास त्या मताच्या स्वतंत्रतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

६. सामान्य संग्राहकाचा आर्थिक हिशेब

मँटल यांच्या कार्डाची किंमत ३१ वर्षांत २५२ पट झाली. चक्रवाढीने हा दर वार्षिक सुमारे साडेएकोणीस टक्के होतो. उपरोक्त वॅग्नर कार्डाचा १९९१ ते २००७ या काळातील दर सुमारे बारा टक्के येतो. हे आकडे आकर्षक असले तरी ते विजेत्यांचे आकडे आहेत. तळघरांतील खोकी या हिशेबात येत नाहीत. शिवाय लिलावाच्या जाहीर किमतीत खरेदीदाराने लिलावगृहाला द्यावयाचा अधिभार समाविष्ट असतो, त्यामुळे विक्रेत्याच्या हाती येणारी रक्कम कमी असते. कार्डावर व्याज किंवा लाभांश मिळत नाही. विमा व साठवणीचा खर्च मात्र होतो. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंवरील दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कमाल २८ टक्के दराने केंद्रीय कर लागू होतो, तर समभागांसाठी ही कमाल मर्यादा २० टक्के आहे.

लहान व्यवहारातील जोखीम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एक कार्ड १०० डॉलरला घेतले आणि प्रतवारी व टपाल यांसाठी ४० डॉलर खर्च झाला. दहा गुण मिळाल्यास ते २०० डॉलरला, कमी गुण मिळाल्यास ८० डॉलरला विकले जाते आणि विक्रीवर १३ टक्के दलाली द्यावी लागते, असे मानू. पहिल्या स्थितीत हाती १७४ डॉलर येऊन ३४ डॉलर नफा होतो. दुसऱ्या स्थितीत सुमारे ७० डॉलर हाती येऊन तितकाच तोटा होतो. म्हणजे केवळ खर्च भरून निघण्यासाठी पाठविलेल्या दर तीन कार्डांपैकी दोन कार्डांना दहा गुण मिळणे आवश्यक ठरते. दुप्पट भावाचा मोह असलेला हा व्यवहार प्रत्यक्षात किती निसरडा आहे, हे यावरून ध्यानात येते.

बाजाराची अस्थिरता हाही महत्त्वाचा घटक आहे. २०२० च्या महासाथीच्या काळात घरी असलेल्या लोकांनी जुने संग्रह बाहेर काढले. त्याच वर्षी मायकेल जॉर्डन यांच्यावरील माहितीपट-मालिका प्रसारित झाली. जॉर्डन यांच्या १९८६ च्या फ्लीअर कार्डाच्या दहा गुणांच्या प्रतीला जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार डॉलर किंमत आली. अशा तीनशेहून अधिक प्रती अस्तित्वात असल्याचे सर्वांना ठाऊक होते. भाव पाहून विक्रेते पुढे आले आणि काही महिन्यांतच किंमत निम्म्याहूनही खाली आली. मार्च २०२१ मध्ये पीएसएला कामाचा डोंगर साचल्यामुळे बहुतेक सेवा काही काळ स्थगित कराव्या लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात टार्गेट या दुकानसाखळीने सुरक्षिततेच्या कारणास्तव दुकानांतील कार्डविक्री थांबविली होती.

७. संग्राहकाची मानसिकता

अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांनी कार्डमेळाव्यांत केलेले प्रयोग या संदर्भात मार्गदर्शक आहेत. सहभागी व्यक्तींना जवळजवळ समान मूल्याच्या दोन स्मरणवस्तूंपैकी एक यदृच्छेने देण्यात आली आणि हवी असल्यास ती दुसरीशी बदलण्याची मुभा ठेवण्यात आली. वस्तू यदृच्छेने दिलेली असल्याने सुमारे निम्म्या व्यक्तींनी बदल करणे तर्कसंगत ठरले असते. अनुभवी व्यापाऱ्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास आढळले. सामान्य संग्राहकांमध्ये मात्र ते बरेच कमी होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावरून, हाती आलेल्या वस्तूला केवळ ती आपली झाली म्हणून अधिक मोल देण्याची प्रवृत्ती अनुभवाने कमी होते, असे दिसून येते.

या निष्कर्षाचा दुसराही अर्थ संभवतो. कार्डाविषयीचा जिव्हाळा हा गुंतवणूकदाराच्या दृष्टीने दोष असला तरी छंद जोपासणाऱ्याच्या दृष्टीने तोच खरा लाभ होय. तो लाभ बाजारभावावर अवलंबून नसतो आणि त्यावर करही लागत नाही. संग्रह करताना या दोन भूमिकांची गल्लत होऊ न देणे महत्त्वाचे आहे. छंदावरील खर्च हा मनोरंजनावरील खर्च म्हणून उत्पन्नाच्या मर्यादेत ठेवणे, बंद पाकिटांऐवजी हवे ते कार्ड थेट विकत घेणे, मागितलेल्या किमतीऐवजी प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहणे, त्या गुणांच्या किती प्रती नोंदलेल्या आहेत हे तपासणे, तसेच ओलावा व थेट प्रकाश यांपासून कार्डे दूर ठेवणे, ही पथ्ये दोन्ही भूमिकांना उपयुक्त ठरतात. शिक्षण, आजारपण किंवा वृद्धापकाळ यांसाठी राखून ठेवावयाचा पैसा मात्र या बाजारात गुंतविणे उचित नाही.

समारोप

क्रीडाकार्डांच्या इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, जुन्या कार्डांची दुर्मीळता ही नियोजनाने नव्हे तर विस्मरण, वापर व नाश यांतून निर्माण झाली. म्हणून तिची पुनरावृत्ती संचयाने करता येत नाही. दुसरी, प्रतवारी आणि भावसूची यांमुळे व्यवहार सुकर झाला असला तरी मूल्याचा अंतिम आधार इतरांच्या आवडीत व विश्वासातच आहे. तिसरी, सामान्य संग्राहकाला मिळणारा आर्थिक परतावा अनिश्चित असून खर्च मात्र निश्चित असतो. खेळाविषयीचे प्रेम, इतिहासाचे ज्ञान आणि मालिका पूर्ण केल्याचे समाधान यांसाठी हा छंद जोपासला, तर भाव वाढो वा उतरो, त्याचा लाभ संग्राहकाला मिळतच राहतो. केवळ भाववाढीच्या आशेने साठविलेली कार्डे विकण्याची वेळ येते, तेव्हा तीच आशा बाळगून साठा करणारे इतर अनेक जणही विक्रीसाठी पुढे आलेले असतात, हा या क्षेत्रातील १९९० च्या दशकाचा धडा आजही तितकाच लागू आहे.